प्रवरेचं पाणी: घाटघरच्या कड्यापासून प्रवरासंगमापर्यंत

नदीची सहल म्हटलं की एक घाट, एक देऊळ आणि पुलावरून एक फोटो, एवढ्यावर आपलं भागतं. या श्रावणात आम्ही जरा वेगळा बेत आखला. एक अख्खी नदी बघायची, उगमापासून संगमापर्यंत, आणि पात्राबरोबर तिला पाणी पुरवणारी जमीनही बघायची. गोदावरी-कृष्णा आमच्या रजेत बसणाऱ्या नव्हेत. प्रवरा बसते. सह्याद्रीच्या कड्यावर निघते, अकोले, संगमनेर करत खाली उतरते आणि नेवाशाच्या पुढे गोदावरीला मिळते. लांबी दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि सगळा संसार एकट्या अहिल्यानगर जिल्ह्यात.

सोबत गाडी चालवायला नवरा आणि त्याचे मामा. मामा भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेत. 1972 साली स्थापन झालेल्या या यंत्रणेच्या गावोगावी ठरलेल्या निरीक्षण विहिरी आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चार वेळा त्यांची पाणीपातळी मोजतात. म्हणजे आयुष्यभर लोकांच्या विहिरींत टेप सोडलेला माणूस. तो टेप त्यांनी सहलीलाही आणला होता, आणि मामी का आल्या नाहीत हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिला दिवस: घाटघर

घोटीहून बारीमार्गे शेंडी गाठलं. कळसूबाई ढगात, रस्ता ढगात, पुढची एसटीही ढगात. शेंडीहून जलाशयाच्या कडेकडेने घाटघर वीस-बावीस किलोमीटर, पण पावसात तासभर धरून चाला. इथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

कोकणकड्यावर पोचलो तेव्हा समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. मग वाऱ्याचा एक झोत आला, पडदा फाटला आणि खाली कोकण दिसलं. शेजारीच एक ओहोळ कड्यावरून उडी मारायच्या बेतात होता, पण खालून येणारा वारा त्याला उचलून परत वर फेकत होता. आम्ही सगळे त्या पाण्याने भिजलो. मामा खूश. "बघ, हे पाणी अरबी समुद्राकडे निघालं होतं. वाऱ्याने त्याला प्रवरेत टाकलं. आता बंगालच्या उपसागरात जाईल." पाणलोट म्हणजे काय, ते त्यांनी तिथेच छत्री सांभाळत सांगून टाकलं: ज्या जमिनीवर पडलेला थेंब शेवटी एकाच तोंडातून बाहेर पडतो, ती सगळी जमीन. आम्ही उभे होतो ती त्या जमिनीची पश्चिमेची शीव. ती हद्द कुठे आखलेली नसते. दोन पावलं इकडे-तिकडे केली की नदी बदलते, समुद्र बदलतो.

ही हद्द माणसानेही ओलांडली आहे. घाटघरला एक धरण घाटमाथ्यावर आणि दुसरं खाली कोकणात, मधे डोंगराच्या पोटात वीजगृह. विजेची मागणी वाढली की पाणी खाली सोडून वीज करायची, मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. 250 मेगावॉटचा हा प्रकल्प 2008 पासून सुरू आहे. प्रवरेच्या खोऱ्यातलं पाणी कोकणात जाऊन मुक्काम न करता माघारी येतं, हे ऐकून नवऱ्याला त्याची स्वतःची नोकरी आठवली.

मुक्काम गावातल्याच एका घरी. मावशींनी चुलीवर तांदळाच्या भाकरी, कुर्डूची भाजी आणि खेकड्याचा रस्सा केला. खेकडे त्यांच्या मुलाने दुपारी खाचरातून धरून आणलेले. रस्सा इतका झणझणीत की बाहेरच्या गारठ्याचा विसर पडला. जेवताना मी सहज म्हटलं, "मावशी, तुम्हाला पाण्याची काय चिंता!" त्या हसल्या. "चिंता? चैतात या की. त्या खालच्या झऱ्यावर हंडा लावून बसायचं. वाटीवाटीने भरतो. रातीचा नंबर लागला तर बॅटरी घेऊन जायचं."

पाच हजार मिलिमीटर पाऊस आणि एप्रिलमध्ये वाटीने पाणी. मामांना यात नवल वाटलं नाही. इथे उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली लाव्हा थिजून झालेला काळा दगड, बेसॉल्ट. या दगडाला स्वतःची ओल धरायला जागाच नसते. जे पाणी मुरतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत, बाकीचं तव्यावर ओतल्यासारखं घरंगळून जातं. मुरलेलंही उतारामुळे थांबत नाही. झऱ्यांमधून पाझरत पाझरत हिवाळ्याअखेर संपत येतं. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग याच दगडाचा आहे. त्यामुळे ही घाटघरची गोष्ट राज्यात बऱ्याच ठिकाणी लागू पडते.

जाणाऱ्यांसाठी: पावसाळ्यात साम्रदच्या सांदण दरीत उतरायचा मोह टाळा, पाणी अचानक वाढतं. घाटघरला मोबाईलची रेंज भरवशाची नाही. रोख पैसे शेंडीत पोचायच्या आधीच जवळ ठेवा. जळवांसाठी मीठ हवंच.

दुसरा दिवस: रतनवाडी, भंडारदरा, रंधा

प्रवरेचा उगम रतनगडाच्या डोंगरात, आणि पायथ्याशी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. शिल्पांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, ते कमीच म्हणायचं इतकं सुंदर काम आहे. मला सांगायचंय ते गाभाऱ्याचं. आत पाय टाकला तर पाणी. पिंड पाण्याखाली. पुजारी म्हणाले, दर पावसाळ्यात असंच. छत गळत नव्हतं, दारातून पाणी शिरलं नव्हतं. मामांनी खाली बघितलं आणि चप्पल काढलेल्या पायांनी दोन पायऱ्या उतरून घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. "ही पाणीपातळी," म्हणाले. जमिनीत मुरलेलं पाणी वर चढत चढत गाभाऱ्याच्या तळापर्यंत आलं होतं. भूजल असं डोळ्यांनी बघायला मिळणं दुर्मीळच, एरवी ते विहिरीच्या तळाशी नाहीतर अहवालात असतं.

शेजारच्या पुष्करिणीतही तेच पाणी. चारी बाजूंनी कोनाडे आणि त्यांत मूर्ती. एका कोनाड्यात विष्णूच्या पायाशी बोटभर खेकडा बसला होता, नांगी बाहेर काढून, मानकऱ्याच्या थाटात.

दुपारी भंडारदरा. इथल्या विल्सन धरणाचं काम 1910 साली सुरू होऊन 1926 साली पुरं झालं. दगडी बांधकाम, उंची 80 मीटरच्या वर. साठा 11 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. याचं पाणलोट क्षेत्र मात्र जेमतेम सव्वाशे चौरस किलोमीटर. आम्ही कालपासून ज्या वाटांनी हिंडलो, साधारण तेवढंच. एवढ्याशा जमिनीवर पडलेल्या पावसावर खालच्या तीन-चार तालुक्यांचा ऊस उभा आहे. आणि त्याच जमिनीवरच्या मावशी चैत्रात वाटीने हंडा भरतात. मला हा विचार पुढचे सगळे दिवस सोडेना.

रंधा धबधबा, साधारण 170 फुटांची उडी. धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच त्याचं खरं रूप दिसतं, म्हणून आधी चौकशी करून जा. शनिवार-रविवार टाळलात तर कणसं आणि लाऊडस्पीकर दोन्हींतून सुटाल. कणसं खरं तर चांगली होती.

तिसरा दिवस: निळवंडे, अकोले, संगमनेर

राजूर सोडलं आणि पाऊस थांबला. कमी झाला असं नाही, थांबला. वायपर बंद केला तो पुढे संगमापर्यंत लावावा लागला नाही. भाताची खाचरं संपून बाजरी, सोयाबीन, टोमॅटोचे मांडव सुरू झाले. ढग डोक्यावरून जात होते, पण पडत नव्हते. सह्याद्री चढताना त्यांनी आपली झोळी रिकामी केलेली. शाळेत पर्जन्यछायेचा प्रदेश तोंडपाठ केला होता, तो असा तासाभराच्या प्रवासात खिडकीतून दिसतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

निळवंडे धरणाला पहिली मंजुरी 1970 सालची. जागा बदलली, पुनर्वसन अडलं, खर्च वाढत गेला, आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं 2023 साली. ज्या 182 दुष्काळी गावांसाठी हे सगळं होतं त्यांतल्या कितीतरी आजोबांनी पाण्याची नुसती वाट पाहिली. अकोल्यात अगस्ती ऋषींच्या मंदिराबाहेर चहा घेताना भेटलेले एक बाबा म्हणाले, "आमच्या बापाने कालव्यासाठी मोर्चे काढले, आम्ही काढले, आता पोरगं कालव्यावर सेल्फी काढतंय." एवढं बोलून त्यांनी चहाचे पैसेही आमच्या आधी देऊन टाकले.

संध्याकाळी संगमनेर. म्हाळुंगी इथे प्रवरेला मिळते. पुलावरून बघितलं तर प्रवरेला धरणातून सोडलेलं गढूळ पाणी आणि म्हाळुंगीत जेमतेम धार. मुक्कामाला संगमनेर सोयीचं: हॉटेलं भरपूर आणि दोन्ही दिशांना रस्ते चांगले. हुलग्याचे शेंगोळे कुठे मिळतात ते विचारून खा. आम्हाला एका खानावळीत मिळाले, लसणाच्या फोडणीचे, रटरटते.

चौथा दिवस: दरेवाडी आणि एक विहीर

हा दिवस नदी सोडून. दरेवाडी हे संगमनेर तालुक्याच्या कोरड्या भागातलं गाव. पाऊस चारशे-साडेचारशे मिलिमीटर. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात 1996 साली इथलं काम सुरू झालं. त्यामागे फादर हर्मन बाकर या स्वित्झर्लंडहून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी उभी केलेली 'वॉटर' ही संस्था. पद्धत एकच: माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, म्हणजे एकाच उंचीवरून उताराला आडवे खणलेले लांब खड्डे, मग उतारावर दगडी बांध, मग शेताची बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर बंधारा. उलट क्रमाने केलं तर बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. याची उदाहरणं राज्यभर आहेत. फोटो बंधाऱ्याचे छान येतात, चराचे येत नाहीत, हेही त्याचं एक कारण असावं.

आम्ही टेकडीवर चढलो. चर आता गवताने बुजत आलेत, ते असायचंच. चराच्या वरच्या अंगाला माती कडक होती. खालच्या अंगाला, जिथे उपसलेल्या मातीवर झाडं लावली होती, तिथे काडी खुपसली तर वीतभर सहज आत गेली. बारा-पंधरा दिवस पाऊस नव्हता तरी काडीच्या टोकाला ओली माती. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळल्याशिवाय हे झालं नसतं, आणि शेळ्या असलेल्या घरांना ती पाळायला लावणं हे दगड रचण्यापेक्षा अवघड काम होतं, असं गावातले जाणते सांगतात.

त्या दिवशी पोळा. परतीच्या वाटेवर एका वाडीत बैलांची मिरवणूक चालली होती आणि गाडी थांबवावीच लागली. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, आणि एका बैलाच्या पाठीवर मोबाईल नंबरसह ट्रॅक्टर दुरुस्तीची जाहिरात. घरात बोलावून पुरणपोळी वाढली. आणि मग मामांनी विचारलं, "विहीर आहे का?"

विहीर होती, पंचवीस हात कोरडीठाक खोल आणि खाली पाणी. उन्हं तिरपी होती त्यामुळे आतली एक भिंत लख्ख दिसत होती. मामांनी कठड्यावर वाकून ती वाचायला सुरुवात केली आणि घरातली पोरंटोरं गोळा झाली. वर हातभर काळी माती. खाली पिवळसर मुरूम, बोटाने खरवडला तर पडेल असा. मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा खडक: लाव्हा थंड होताना राहिलेले वायूचे बुडबुडे पुढे खनिजांनी भरले, ते हे ठिपके. त्याखाली विटेसारखा लालसर पट्टा, दोन लाव्हांच्या मधल्या काळात भाजलेली जुनी जमीन. आणि सगळ्यात खाली काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न फुटणारा. पाणी झिरपत होतं ते नेमकं मांजऱ्या आणि लाल पट्टा यांच्या सांध्यातून, बाकी कुठूनही नाही. भिंतीवर तेवढ्याच रेषेत हिरवं शेवाळ होतं.

"म्हंजे बोर मारली तर?" घरधन्यांनी विचारलं. शेजाऱ्याने सहाशे फूट मारली होती, धुरळा निघाला होता. मामांनी सांगितलं ते असं: पाषाणात खोलवर भेग लागली तर पाणी, नाही तर धुरळा. आणि लागलं तरी ते वर्षानुवर्षं साठलेलं असतं, एका पावसाने भरून येत नाही. आपल्या राज्यात 2009 चा भूजल कायदा आहे. त्यात 60 मीटरपेक्षा जास्त ती खोल विहीर धरतात, आणि शेतीसाठी अशा विहिरींवर बंधनं आहेत. घरधनी ऐकून घेत म्हणाले, "कायदा हाय, पण बोरची गाडी रातच्याला येती." मग टेप सोडून पाणी मोजलं. कठड्यापासून साडेअकरा मीटर. सगळ्यात धाकट्या पोराने तो आकडा आतल्या बाजूला खडूने भिंतीवर लिहिला, तारखेसह. मामा म्हणाले, दर अमावस्येला मोजून लिहीत जा. पोराने पगार किती मिळेल ते विचारलं.

पाचवा दिवस: जोर्वे, लोणी आणि उसाचा मुलूख

संगमनेरजवळ नदीकाठी जोर्वे. 1950-51 साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातल्या एका संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. लाल भांडी, त्यांवर काळी नक्षी, बाजूला तोटी. तीन हजार वर्षांपूर्वी इथे शेती करणाऱ्यांनी नदीपासून किती अंतरावर घर बांधावं ते बरोबर ओळखलं होतं. अशीच वस्ती पुढे दायमाबादला होती. तिथे 1974 साली ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. जोर्व्यात बघायला फलक-संग्रहालय शोधू नका. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती आणि खालून वाहणारी नदी, एवढंच आहे.

ओझरच्या बंधाऱ्याशी प्रवरेचं पाणी डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं आणि दृश्यच पालटतं. ऊस, ऊस आणि ऊस. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. दुष्काळी शेतकऱ्याने उभारलेलं ते काम मोठंच होतं, त्यात वाद नाही. पण पाऊस पाचशे मिलिमीटर आणि पीक बारमाही तहानलेलं, हा मेळ मला तरी पटत नाही. मधला सगळा फरक भंडारदऱ्याहून येतो.

इथल्या विहिरी भरलेल्या. मामांनी एक मोजली: कठड्यापासून अडीच मीटर. कालव्याचा पाझर आणि उसाला सोडलेलं पाटपाणी खाली मुरून विहिरींत येतं. म्हणजे नदीचं पाणी कालव्यात, कालव्याचं जमिनीत, जमिनीतलं विहिरीत आणि विहिरीतलं परत उसात. दरेवाडीकडच्या लोकांना हे सुख वाटेल. पण रस्त्याच्या कडेला एक-दोन शेतं पांढरट पडलेली दिसली, मधे लव्हाळा. चोपण. निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत पाणी वर चढत राहतं, वर आलेलं उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. शेतमालक बांधावरच होते. "आजोबांच्या टायमाला इथं ऊस बघायला माणसं यायची," एवढंच म्हणाले. निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकता येतात, पण पाणी शेवटी ओढ्यापर्यंत न्यायला शेजाऱ्याची संमती लागते, आणि शेजाऱ्याशी कोर्टात केस चालू.

सहावा दिवस: नेवासा आणि प्रवरासंगम

नेवाशात पैसाचा खांब. ज्ञानेश्वरांनी 1290 साली या खांबाला टेकून गीतेवर निरूपण केलं. सकाळी सातला गेलात तर गर्दी नसते. आम्ही गेलो तेव्हा एक आजी खांबाला डोकं टेकवून उभ्या होत्या, सून घाई करत होती आणि आजी हलायला तयार नव्हत्या.

तिथून प्रवरासंगम जवळच. छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरचा लांब पूल, काठावर टोक्याची जुनी देवळं. मी मनात संगमाचं चित्र रंगवलं होतं, दोन धारा, दोन रंग. प्रत्यक्षात धारा नाहीत. आहे तो पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा, एकसंध पसरट पाणी, त्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे आणि त्यांवर पाणकावळे. प्रवरा कुठे संपली आणि गोदावरी कुठे सुरू झाली ते होडीवाल्यालाही दाखवता येईना. "पाणी उतरलं की दिसतं," तो म्हणाला.

हे पाणी उतरलं की बातमी होते. जायकवाडीची क्षमता 102 टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा सुमारे 76. समन्यायी वाटपाच्या 2005 च्या कायद्यानुसार आणि मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार, 15 ऑक्टोबरला इथला उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं: नाशिककडची गंगापूर, दारणा, इकडची मुळा, भंडारदरा-निळवंडे. मग वरचे शेतकरी रस्त्यावर, खालचे कोर्टात. महामार्गावरच्या हॉटेलात आमच्या टेबलाशेजारी हाच वाद रंगला होता. एकाचा ऊस श्रीरामपूरकडे, दुसऱ्याची मोसंबी पैठणकडे, आणि दोघे साडू. मामांनी मधे तोंड घातलंच: नदीतून सोडलेलं पाणी कोरड्या पात्रात किती मुरतं, ते कोणाच्या विहिरीत जातं, तो हिशेब कोण धरतो? दोघे साडू त्यांच्यावर एकदम उलटले. त्या मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं.

मी घाटघरच्या मावशींचा विषय काढला. मोसंबीवाले म्हणाले, तिथं तर पाणीच पाणी, त्यांना कशाची टंचाई? झऱ्याचं आणि वाटीचं सांगितलं तर त्यांना खोटं वाटलं.

कोणाला हीच वाट करायची असेल तर दोन सूचना. गाडी असेल तर सगळं सोपं, एसटीने करायचं तर अकोले, संगमनेर आणि नेवासा हे तीन मुक्काम धरा. पावसाळ्यात उगमाकडून संगमाकडे या, म्हणजे ओले कपडे राजूरनंतर गाडीच्या काचेवर वाळतात. आणि हीच वाट एकदा मे महिन्यात उलट करायची, संगमाकडून वर चढत, असं आमचं ठरलंय. मामांनी दरेवाडीकडच्या त्या पोराला फोन करून ठेवलाय. त्याने भाद्रपदातली अमावस्या गाठून आकडा कळवला: साडेदहा मीटर. पगाराचं परत विचारलं.